विहिरीच्या दगडातला मासा : खानदेशात जीवाश्म मासे जमवणं आणि ओळखणं

बुराईकाठ

नमस्कार मंडळी. मी शिंदखेडा तालुक्यातला. या उन्हाळ्यात मामांच्या शेतातली विहीर खोल करायला घेतली होती. पंचेचाळीस फुटांच्या आसपास सुरुंग उडवला आणि वर आलेल्या मलब्यात एक काळा दगड दुभंगलेला निघाला. फुटलेल्या तोंडावर पांढरट, मोत्यासारखा चमकणारा मासा! शेपूट पंख्यासारखी पसरलेली, मधे बारीक होत गेलेली कंबर, पुढे पुन्हा रुंद अंग. लांबी चार बोटं. मामा लगेच म्हणाले, "तापीमाय पहिले आठून वाहे, तवयना मासा शे हाऊ." दोन दिवस गाव बघायला येत होतं. एका आजींनी हळदकुंकू वाहिलं.

दगड आता माझ्या घरी आहे. फोटो जोडलेत, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय.

मला या गोष्टीची ओढ तशी जुनी आहे. मुंबईच्या एका खनिज प्रदर्शनात मी दोन मासे विकत घेतले होते. एक अमेरिकेतल्या वायोमिंगचा, चिठ्ठीवर 'नायटिया' लिहिलेलं. दुसरा गोल गोट्यात बसलेला, चिठ्ठी नाही, विक्रेत्याने तोंडी ब्राझीलचा सांगितला. तिन्ही मासे नीट ओळखायला शिकायचंय. आपल्या भागात असे दगड कुठे मिळतात, कसे जमवायचे, तेही कळलं तर फार बरं होईल.

दगडफूल

फोटो दिसले, स्पष्ट आहेत. नाणं ठेवलंत हे उत्तम केलंत, २७ मिलिमीटरचं माप आपोआप मिळालं.

मत देण्याआधी थोडं तपासून सांगाल का? पांढऱ्या भागाच्या कडेला व्हिनेगरचा एक थेंब टाका, फसफसतं का बघा. चाकूच्या टोकाने ओरखडा उठतो का? पांढरा भाग दगडाच्या पृष्ठावर चिकटलेला आहे की एखाद्या पोकळीच्या आत बसलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगड उलटून पाहा. मागच्या बाजूला आणि इतर तुकड्यांवर असे 'पंखे' आणखी आहेत का? भिंग नसेल तर जळगावच्या सराफ बाजारात सोनारांचं दहापटीचं भिंग मागा. या छंदात तेवढं एक हत्यार हातात असलंच पाहिजे.

केळीबाग

वाचतोय. आमच्याकडे रावेरला एकाच्या घरी दगडात नेच्याचं पान आहे, काळं, फांद्याफांद्यांचं. तेही असंच पूजेत ठेवलंय.

दगडफूल

केळीबाग, ते पान बहुतेक पान नसावं. दगडाच्या भेगेतून पाणी झिरपताना मँगनीजची ऑक्साइडं अशी फांद्या फुटल्यासारखी पसरतात, त्याला डेंड्राइट म्हणतात. भिंगातून पाहिलंत तर शिरा, देठ, पानाची कड असं काही दिसणार नाही, नुसता काळा डाग फुटत गेलेला दिसेल.

बुराईकाठ

तपासलं. व्हिनेगरने फसफसलं नाही. चाकूने ओरखडा उठतो, फार जोर लागत नाही. पांढरा भाग एका चपट्या पोकळीच्या तळाशी आहे. आणि हो, मागच्या बाजूला तशाच दोन शेपट्या आहेत, पण त्यांना अंग नाही. एकीच्या शेजारी पिरॅमिडसारखं टोक असलेला स्वच्छ काचेसारखा खडा आहे. हे वाचून तुम्ही काय म्हणणार याचा थोडा अंदाज येतोय.

दगडफूल

होय. हा मासा नाही. हे स्टिल्बाइट आहे, झिओलाइट गटातलं खनिज. त्याचे स्फटिक कडब्याच्या पेंढीसारखे वाढतात, मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुलारलेले. एक टोक शेपूट वाटतं, आवळलेला भाग कंबर आणि दुसरं टोक अंग. मोत्यासारखी चमक हीसुद्धा त्याचीच खूण. शेजारचा पिरॅमिडच्या टोकाचा खडा अपोफिलाइट असावा. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर डोळे भरून बघता येतात. तेव्हा दगड टाकू नका, तो चांगलाच आहे.

आता मासा का असू शकत नाही, ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न आपल्याकडे सतत येतो.

खानदेशाचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो हजार अंशांहून जास्त तापमानाला वाहत आला. त्यात मासा अडकला तर जळून राख होईल. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरतं आणि पाण्यातले क्षार तिथे स्फटिक होऊन बसतात. तुमच्या पोकळीत हेच झालंय. धुळे-नंदुरबारकडे शेतातून भिंतीसारख्या सरळ रेषेत पूर्व-पश्चिम गेलेल्या खडकांच्या रांगा दिसतात, त्याही भेगेत थिजलेल्या लाव्ह्याच्या. तिथेही मासा शोधू नये.

मग या लाव्ह्याच्या प्रदेशात मासे मिळतातच कुठे? दोन लाव्ह्यांच्या मधे. एक प्रवाह थिजला, पुढचा यायला हजारो वर्षं गेली, मधल्या काळात खळग्यांत तळी साचली. तळ्यात गोगलगायी, बेडूक, मासे, काठावर झाडं. मग पुढचा लाव्हा आला आणि तळ्याचा गाळ खाली बंद झाला. या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात. ते मुख्यत्वे लाव्ह्याच्या पूर्व कडेला आहेत, नागपूर, छिंदवाडा, मंडला या पट्ट्यात, कारण तिथे प्रवाह पातळ होते आणि दोन प्रवाहांत वेळ भरपूर मिळाला. मुंबईत मलबार हिल आणि वरळीलाही असे थर होते, तिथले बेडकाचे सांगाडे प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे मात्र प्रवाह जाड आणि एकावर एक भराभर आलेले. घाटरस्त्याच्या कापात दोन थरांमधे जो विटेसारखा लाल पट्टा दिसतो, ती भाजलेली माती. तिच्यात मासे नसतात.

सातपुड्यापलीकडे, शिरपूरहून सेंधवा-बडवानी ओलांडून धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे. लाव्ह्याच्याही आधी तिथे नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याचे थर आहेत. शंख-शिंपले, समुद्री साही, शार्कचे दात तिथे मिळाले आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचं 'माशांचं' ठिकाण तेच.

तरसोद_फाटा

तापीच्या गाळाचं काय? नदीकाठच्या घळींत आम्ही लहानपणी 'हाडं' गोळा करायचो. पांढरी, नळीसारखी, कधी पेर असल्यासारखी.

दगडफूल

त्यातली बहुतेक चुनखडीची कंकरं असतात. मुळांभोवती चुना साचून नळी तयार होते, पेरंही तशीच दिसतात. व्हिनेगर टाकलं की जोरात फसफसतं. हाडाच्या तुटक्या कडेला भिंगातून स्पंजासारखी जाळी दिसते, कंकराला ती नसते. पण गाळाकडे दुर्लक्ष करू नका. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे उत्खननात अश्मयुगातल्या माणसाने कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच निघालं होतं. खानदेशात शहामृग होते हे आपल्याला त्या टिचभर तुकड्यांनी सांगितलं! म्हणून गाळात हाडासारखं काही दिसलं तर ओढून काढू नये. आधी जागेवर फोटो, मग माहितगाराला फोन.

बुराईकाठ

मामांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की खडा तरी देखना शे ना, मग झालं. आजींना सांगायला माझं मन होत नाहीये.

पण मी इथेच थांबणार नाही. समजा उद्या खराच मासा समोर आला, तर तो मी कशावरून ओळखायचा? पुस्तकातली चित्रं पाहून सगळे मासे सारखेच वाटतात.

भिंगवाली

बुराईकाठ दादा, इथे मी बोलते. मी भुसावळची, प्राणिशास्त्र शिकवते. गेली बारा वर्षं मी माशांची हाडं जमवतेय, दगडातली नाही, बाजारातली. माझं म्हणणं ठाम आहे, दगडातला मासा ओळखायचा तर आधी परातीतला मासा ओळखता आला पाहिजे. तुम्ही प्रदर्शनात खर्च केलेल्या पैशांत वर्षभर आठवडे बाजारातून मासे आणता आले असते आणि त्यातून दसपट शिकणं झालं असतं. हे टोचून बोलत नाही, मनापासून सांगते.

कारण असं की आपल्या थरांत अख्खा मासा जवळजवळ मिळत नाही. मिळतो तो सुटा खवला, दात, मणका, काट्याचा तुकडा, तोही ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. तिथे अख्ख्या माशाचं चित्र काहीच कामाचं नाही. हातात असलेला तुकडा शरीराचा कुठला भाग, हे कळलं पाहिजे.

मणक्यापासून सुरुवात करा. रोहूचा मणका सोडवून घ्या. दोन्ही बाजूंनी खोलगट, मधे बारीक, अगदी डमरू. मरळीचा, शिंगाड्याचा, वामचाही डमरूच, फक्त लांबी-रुंदी आणि वरच्या काट्यांची बैठक वेगळी. सापाच्या मणक्याला एका बाजूला गोळा आणि दुसरीकडे वाटी असते. एवढं कळलं की दगडातला निम्मा गोंधळ संपतो.

मग दात. रोहूच्या तोंडात बोट फिरवा, जबड्याला दातच नाहीत. आता घशात, कल्ल्यांच्या मागे पाहा. तिथे वाकडं हाड आहे आणि त्यावर दातांच्या रांगा. रोहू, कटला, मृगळ या सगळ्या कुळाचे दात घशात असतात, आणि जातीप्रमाणे रांगा व आकार बदलतो. एक डोकं उकळून ते हाड हातात आलं तेव्हा मी त्या रात्री झोपले नव्हते, सगळे दात वहीत काढत बसले होते.

शिंगाड्याला खवले नाहीत, पण छातीच्या पराचा पहिला काटा बघा, करवतीसारखा. कोळीण बाई पहिल्यांदा तोच तोडते, कारण तो हातात घुसतो. असा काटा दगडात मिळाला तर शिंगाड्याच्या गणगोतावर पहिला संशय घ्यायचा.

खवल्यांसाठी मात्र समुद्राचे मासेही लागतात. रोहूचा खवला गोल, कडा गुळगुळीत, भिंगाखाली झाडाच्या खोडासारख्या रेषा. जिताड्याचा खवला घ्या, मागच्या कडेला फणीसारखे बारीक दात लागतील, बोटालाही जाणवतात. आणि बर्फाच्या गाडीतून येणारी तारली घ्या. तिच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, करवत लागेल. हे पोटाचे काटेरी खवले तुमच्या वायोमिंगच्या माशालाही असले पाहिजेत, कारण नायटिया तारलीच्याच कुळातला आहे. भिंग घेऊन आजच बघा.

एक गोष्ट सांगायची राहिली. सुंदरलाल होरा हे जिवंत माशांचे मोठे अभ्यासक. त्यांनी १९३८ साली मध्य प्रांतातल्या देवथान आणि खेरी इथल्या इंटरट्रॅपियन थरांतल्या माशांच्या खवल्यांवर लेख लिहिला. अख्खा मासा नाही, नुसते खवले! आयुष्यभर जिवंत माशांचे खवले हाताळलेला माणूस होता, म्हणून दगडातल्या खवल्याचं कुळ सांगू शकला. मी वर्गात दरवर्षी हे सांगते.

केळीबाग

ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे.

हाडं साफ कशी करता? मी एकदा प्रयत्न केला, घरात आठवडाभर वास होता.

भिंगवाली

उकळत ठेवू नका, बारीक हाडं सुटतात आणि हरवतात. उकळीच्या जरा खाली पाच-सात मिनिटं, मांस सैल झालं की चिमट्याने काढायचं. मग कपडे धुण्याची पावडर घातलेल्या कोमट पाण्यात झाकून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, गच्चीवर. पाणी ओतताना खाली चहाची गाळणी धरायची, नाहीतर घशातले दात मोरीत जातात. शेवटी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडाच वेळ. कपड्यांचं ब्लीच अजिबात नको, हाड भुसभुशीत होतं. डब्यावर नाव, लांबी, वजन, कुठून घेतला आणि तारीख. मासा साफ करण्याआधी शेपटीसकट मोजायचा, नंतर विसरायला होतं.

बुराईकाठ

पाहिलं! पोटाच्या कडेला बारीक त्रिकोणी काट्यांची रांग आहे. इतके दिवस मी ती दगडाची खरबरीत कड समजत होतो. ताई, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

पण आता शंका आलीय. त्या भागात 'डिप्लोमिस्टस' नावाचा दुसरा मासाही मिळतो म्हणतात आणि तोही असाच दिसतो. माझा नक्की नायटियाच का?

सातपुडा_वारा

याचं उत्तर मी देतो, माझ्याकडे दोन्ही आहेत. वायोमिंगमधल्या केमरर गावाजवळचे हे थर साधारण ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचे. नायटिया तिथे इतका विपुल आहे की वायोमिंगने तो राज्याचा जीवाश्म ठरवलाय. तिथे खासगी खाणी आहेत, पैसे भरून कुणीही दगड फोडावा आणि नेहमीचे मासे घरी न्यावेत. त्यामुळे हा मासा विकत घेण्यात अडचण नाही.

ओळखायला गुदपर बघा, म्हणजे पोटामागचा, शेपटीच्या आधीचा. नायटियाचा आखूड असतो. डिप्लोमिस्टसचा लांबच लांब, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. दुसरं म्हणजे तोंड. डिप्लोमिस्टसचं तोंड वर वळलेलं, पृष्ठभागाजवळचं भक्ष्य टिपणाऱ्यासारखं. लहान डिप्लोमिस्टस 'नायटिया' म्हणून सर्रास विकला जातो, तेव्हा शंका घेतलीत ते योग्यच.

अनोळखी मासा समोर आला की मी ठरावीक क्रमाने बघतो. शेपटीची दोन पाती सारखी आहेत का. पोटाचे पर छातीच्या परांच्या अगदी खाली आहेत की मागे पोटाच्या मध्यावर. पाठीचा पर एक की दोन, त्यात टोकदार काटे की मऊ किरणं. मग मणके मोजायचे, दोनदा, दोन्ही टोकांकडून. रंग आणि एकूण 'चेहरा' यावर कधीच जायचं नाही, दाबामुळे आकार बदलतो.

बुराईकाठ

गुदपर आखूड आहे, तोंड सरळ. पोटाचे पर मध्यावर. मणके एकदा ३६ आले, एकदा ३७, डोक्यामागे दोन-तीन दबलेत. नायटिया मानतो आणि वहीत 'मोजणी अपुरी' असंही लिहितो.

आता गोट्यातला ब्राझीलचा. त्याचा फोटोही टाकलाय. खवले मोठे, चमकदार, जवळजवळ त्रिमितीय.

सातपुडा_वारा

गोटा पाहता ईशान्य ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातला वाटतो, सांताना थरांतला, अकरा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या चुन्याच्या गोट्यांत मासे चपटे न होता भरीव राहतात, कधीकधी मऊ भागसुद्धा. विरळ अ‍ॅसेटिक आम्लाने चुना विरघळवून हाडं मोकळी करतात, कारण हाडातलं फॉस्फेट त्यात टिकतं. तुमचा बहुधा राकोलेपिस असावा, पण फोटोवरून मी एवढंच म्हणेन.

आता जड मनाने एक सांगतो. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे. खासगी विक्रीसाठी ते देशाबाहेर नेताच येत नाहीत. प्रदर्शनांत मिळणारे हे गोटे बहुतेक चोरून आलेले असतात. जर्मनीतल्या एका संग्रहालयाकडे असलेला 'उबिराजारा' हा डायनासोर मोठ्या वादानंतर २०२३ मध्ये ब्राझीलला परत करावा लागला, तो याच खोऱ्यातला.

तरसोद_फाटा

पण दादांनी तर दुकानातून, पावती घेऊन घेतलाय. त्यांचा काय दोष?

सातपुडा_वारा

दोष नाही, मीही पूर्वी असे दोन घेतले आहेत आणि तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. पण आता माहीत झालंय ना! आपला छंद तिथल्या गरीब खाणकामगाराकडून कवडीमोलाने दगड उचलणाऱ्या दलालाला पोसतो, हे मला सहन होत नाही. आणि गोट्याबरोबर थराची, जागेची नोंद येत नाही, म्हणजे अभ्यासालाही तो अर्धा मेलेला. मी माझे दोन्ही पुढे विकले नाहीत. ब्राझीलच्या वकिलातीला पत्र लिहून विचारलंय.

बुराईकाठ

मीही लिहितो. पत्राचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवाल का? तोवर पावती आणि मासा एकाच डब्यात ठेवतोय.

भिंगवाली

नोंदीचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याने विदर्भातल्या थरातून आलेले काही बारीक दात एका संस्थेकडे दिले होते. प्रत्येक कुपीत चिठ्ठी होती, गाव, नाला, थराची उंची. दोन वर्षांनी पाहायला गेलो तर कुप्या 'नीट लावून' ठेवलेल्या आणि चिठ्ठ्या फेकलेल्या. दात तसेच आहेत, पण ते कुठले हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी तो मुलगा परतीच्या गाडीत एक शब्द बोलला नाही. म्हणून नंबर नमुन्यावरच शाईने लिहायचा, चिठ्ठीवर वेगळा आणि वहीत वेगळा. तिन्हीकडे.

खवल्या

नवीन सदस्य, नंदुरबार. अ‍ॅक्वेरियमचं दुकान चालवतो. कोणी सांगेल का, आपल्या महाराष्ट्रात खरोखर अख्खे जीवाश्म मासे निघाले आहेत का?

दगडफूल

निघालेत, पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला. गडचिरोलीत सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्या थरांना नाव पडलं, त्या जुरासिक चुनखडीतून 'लेपिडोटस डेक्कनेन्सिस' १८५१ मध्ये एगर्टन यांनी वर्णन केला. जाड, चकचकीत, शंकरपाळ्यासारखे खवले एकमेकांना भिडलेले, चिलखत घातल्यासारखा मासा. चंद्रपूरच्या डोंगरगावचे अवशेष लाव्ह्याच्या खालच्या लामेटा थरांतले. १९०८ मध्ये स्मिथ वुडवर्ड यांनी त्यांवर लिहिलं. त्यात गार माशाचे अवशेष आहेत, आणि पिक्नोडस नावाच्या माशाचेही, ज्याचे दात हरभऱ्यासारखे गोल, शिंपले फोडायचे.

गार म्हणजे मगरीसारख्या लांब तोंडाचा मासा. आज तो फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात उरलाय. त्या काळी आपल्या तळ्यांत होता! भिंगवाली ताईंच्या डमरूला हा मोठा अपवाद आहे, गारच्या मणक्याला पुढे गोळा आणि मागे वाटी असते. त्यामुळे सुटा मणका पाहून भलेभले त्याला सरपटणाऱ्या प्राण्याचा समजतात. शेजारी शंकरपाळ्यासारखा चमकदार खवला सापडला तर मासा धरायचा.

भिंगवाली

अपवाद मान्य, आणि तो सांगितल्याबद्दल आभार. मी वहीत लिहून घेतला. माझ्याकडे गारचा मणका नाही ही माझ्या संग्रहातली मोठी उणीव आहे.

खवल्या

ताई, गार आमच्या धंद्यात येतो. लोक लहान असताना नेतात, हातभर झाला की टाकी पुरत नाही आणि तळ्यात सोडून देतात. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात असाच निघाला होता. मी आता विकत नाही, पण एका गिऱ्हाइकाने परत आणून दिलेला गेल्या महिन्यात मेला, साधारण दीड फूट. फ्रीजरमध्ये ठेवलाय, पुरायला मन होत नव्हतं. अरोवानाचेही गळालेले खवले डबीत जमवलेत, कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

भिंगवाली

खवल्या भाऊ, दोन्ही फेकू नका!! अरोवानाच्या कुळाचे खवले इंटरट्रॅपियन थरांत मिळतात, जाळीदार नक्षीवरून ओळखू येतात. आपल्याकडे कुणाकडेच तुलनेला ते नाहीत. मी रविवारी सुरत पॅसेंजरने नंदुरबारला येते, बर्फाचा डबा घेऊन.

तरसोद_फाटा

आपण सगळे मिळून डोंगरगावला जायचं का? हातोडी-छिन्नी घेऊन?

दगडफूल

जाऊया, पण हातोडीशिवाय. आपल्या देशात जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता. कायदा काहीही म्हणो, त्या जागा अभ्यासकांच्या आहेत. एक मणका उपसला की त्याच्याभोवतीची सगळी माहिती जाते. बघायचं, फोटो काढायचे, जागेचे अक्षांश-रेखांश लिहायचे, आणि नवीन काही दिसलं तर नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवायचं. हात शिवशिवत असतील तर घरच्या डब्यातली हाडं आहेतच.

बुराईकाठ

मी येतो. डबा माझ्याकडे, कळण्याची भाकरी आणि ठेचा.

काल आजींकडे गेलो होतो. सोबत भिंग नेलं. काही सांगितलं नाही, नुसतं भिंग डोळ्याला लावून दगड दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हाऊ मासा नही शे रे, हाई तर ज्वारीनी पेंढी शे. त्यांना दगडफूल यांचं स्पष्टीकरण मी वाचून दाखवलेलं नव्हतं! दगडाला कागद चिकटवला : 'स्टिल्बाइट, सोबत अपोफिलाइट, बेसाल्टच्या पोकळीत. विहीर, खोली ४५ फूट, ता. शिंदखेडा, जि. धुळे.' नंबर १. शाईने दगडावरही.

नंबर २ रोहूचं डोकं. रविवारी दोंडाईच्याच्या बाजारातून आणलं. घशातले दात मिळाले, पण सुकताना एक दात उभा तडकला. त्याला काय लावू? फेविक्विक चालेल का?

भिंगवाली

फेविक्विक नको, पिवळं पडतं आणि पुन्हा सहज निघत नाही. पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचे दाणे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पातळ द्रावण करा, पाच टक्क्यांच्या आसपास. बारीक ब्रशने एकच थर, खिडकी उघडी ठेवून. चुकलं तर अ‍ॅसिटोननेच निघतं. माझ्याकडे दाणे आहेत, रविवारी नंदुरबारहून परतताना दोंडाईचा स्टेशनवर गाडी थांबते, तुम्ही तिथे या, खिडकीतून देते. येताना दात घेऊन या, सुटे नका आणू, काड्यापेटीत कापसावर ठेवा.